अकराशे सातवी ओळ

मी एक फाईल बोलतेय. फीत बांधलेली, कोपरे दुमडलेली, कचेरीच्या कपाटात पडून असते ती नव्हे. मला कागद नाही, वजन नाही, जुना झाल्याचा वासही नाही. मी एका संगणकात राहते आणि माझं सगळं अंग म्हणजे ओळी. एकीखाली एक अशा अकराशे सात.

मी एका खेळाची सेटिंगची फाईल. खेळ साधाच, घरं बांधायची, झाडं लावायची, तळ्यात गळ टाकून बसायचं. एकाने आपल्या संगणकावर ते जग चालू ठेवायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या गावाहून त्यात यायचं. ज्या संगणकावर जग चालतं तो सर्व्हर. सर्व्हर उठला की सगळ्यांत आधी मला वाचतो. पाऊस किती पडावा, लांडगे किती असावेत, कुणी कुठे भिंत घालावी, हे सारं माझ्यात लिहिलेलं. डावीकडे गोष्टीचं नाव, उजवीकडे तिचं प्रमाण.

त्याचं वाचन फार सरळ असतं. वरून सुरू करतो, खालपर्यंत जातो. एकच गोष्ट दोन ठिकाणी वेगवेगळी सांगितलेली आढळली, तर नंतरचं खरं धरतो. का, कशाला, कुणी सांगितलं, असं विचारत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरून घडलं.

माझा जन्म चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. पुढे काउंटर, मागे एक टेबल, आणि मधल्या भिंतीला ऐंशी लाकडी खण. प्रत्येक खणावर भिंगाच्या नंबराची चिठ्ठी. पहिला खण मात्र किरकोळीचा. बारीक स्क्रू, नाकावरच्या गाद्या, पुसायचे कपडे, कुणीतरी विसरलेली एक दांडी. दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यातलं काहीतरी लागतंच, म्हणून तो हाताशी.

दुकानदाराला सगळे चष्मेवालाच म्हणत, मीही तेच म्हणते. पन्नाशी उलटलेला, एकटा. बायको गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सकाळी स्वतःच डबा भरून आणायचा आणि संध्याकाळी तसाच परत न्यायचा. भूक नव्हती असं नाही. उघडायचा राहून जायचा.

त्याची ताई दुसऱ्या गावी. रोज फोन करायची.

"जेवलास?"

"हो. तू?"

"हो. आणखी?"

"आणखी काय. तुझं सांग."

"माझं काय असणार."

आणि मग "बरं, ठेवते." एकमेकांवर इतका जीव असलेल्या माणसांना एकमेकांशी बोलायला एवढं कमी कसं असतं, हे मला कधी कळलं नाही.

ताईची मुलगी, म्हणजे याची भाची, दुसऱ्यांचे संगणक सांभाळणाऱ्या कंपनीत कामाला. एकदा मामाकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं फोनवर नुसते हुंकार देता. त्यापेक्षा खेळा काहीतरी." तिने सर्व्हर बसवून दिला, माझ्या पहिल्या चाळीस ओळी लिहिल्या, आणि मामाला दाखवलं, "इथे नाव, इथे प्रमाण. बदललंस की सर्व्हर बंद करून परत चालू करायचा. बाकी कशाला हात लावू नकोस."

त्याने पुढच्या आठवड्यातच हात लावला.

ताई खेळात रोज दुपारी दीडला यायची, म्हणून त्याला दीडला दुकानाचं दार ओढून घ्यावं लागायचं. दार ओढलंच आहे तर डबाही उघडला जायचा. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने घराला पायऱ्या. ताईने तळ्याकाठी घर बांधलं, लांबलचक ओसरीचं, आणि पाण्यात पुढे गेलेला एक लाकडी धक्का. धक्क्याच्या टोकाला एक दिवा. मग तिने एक नेम धरला. आलं की आधी तळ्याकाठी एक रोप लावायचं, मग बाकी काम. अशी हजार झाडं.

"कसला नवस बोललीस, ताई?" तो विचारायचा.

"सांगितला तर फळत नाही."

"खेळातला नवस खेळात फळणार. सोन्याचा मासा बिसा मिळेल तुला."

"तू जेव आधी. गार होतंय."

हळूहळू माणसं वाढली. ट्रक चालवणारा मावसभाऊ आला, समोरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या, त्यांच्या ओळखीचे कुणी कुणी आले. माणसं आली तशा मागण्या आल्या. मावसभाऊ म्हणायचा, "दादा, लांडगे कमी कर ना. दिवसभर हमरस्त्यावर तेच बघतो, फक्त चाकावर बसलेले." बाईंना धुकं हवं. कुणाला कोंबड्या रस्त्यात नको. चष्मेवाला कुणाला नाही म्हणायचा नाही. माझ्या वरच्या भागात भाचीने मथळे देऊन नीट गट केले होते, पण त्यांत जागा शोधायची म्हणजे वाचणं आलं. तो सरळ तळाशी जायचा आणि नवी ओळ टाकायचा. शेवटचं सांगितलेलं खरं धरतात, हे त्याला फार सोयीचं वाटलं. कधी कधी शेजारी एक शब्दही लिहायचा, 'तात्पुरतं'. माझ्या अंगावर अशी एकोणीस तात्पुरती कामं आहेत. सगळ्यांत लहानाचं वय एक वर्ष.

मी अशी वाढले. सुंदर होते असं म्हणणार नाही. पण काहीही शोधायचं तर माझ्यातच सापडायचं, दुसरीकडे जावं लागत नव्हतं.

माझ्या तीनशे अठराव्या ओळीबद्दल सांगायला हवं. दोन दिवस येऊन चार भिंती घालून जाणारे पाहुणे फार झाले होते. जिकडे पाहावं तिकडे छप्पर नसलेली घरं. म्हणून भाचीकडून विचारून घेऊन चष्मेवाल्याने 'जमीन' या मथळ्याखाली लिहिलं, की जो एकशे वीस दिवस फिरकला नाही त्याचं घर पाडून जागा मोकळी करावी. पाडकाम चालू. नियम सगळ्यांना सारखा होता आणि कुणाला खटकला नाही. जे रोज येतात त्यांना असे नियम खटकत नाहीत.

सातशे एक्केचाळिसावं रोप लावून ताई गेली, आणि दुसऱ्या दिवशी आली नाही.

दीड वाजला, दोन वाजले. चष्मेवाला धक्क्यावर उभा. मग भाचीचा फोन आला. ताईची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. तो तसाच दुकानाला कुलूप लावून निघाला.

चौथ्या दिवशी परत आला. डबा नव्हता. दुकान न उघडता मागच्या खोलीत येऊन बसला आणि त्याने मला उघडलं. थेट तळाशी गेला. लिहिलं, पाडकाम बंद. ही माझी अकराशे सातवी ओळ. तिच्याशेजारी कारण लिहायला त्याने सुरुवात केली. 'ता' एवढं लिहिलं, बराच वेळ पाहत राहिला, आणि खोडलं. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काही त्याच्या मनात असावं. मी फाईल आहे, मला एवढंच दिसतं की अक्षर आलं आणि गेलं.

नंतर तो रोज दीडला दार ओढायचा, डबा उघडायचा, आणि धक्क्यावर जाऊन दिवा लावून यायचा. रोप मात्र लावत नव्हता. एकदा मावसभाऊ म्हणाला, "दादा, तिच्या वतीने तू लाव की." तर हा म्हणाला, "नेम तिचा आहे. मी कोण मोजणारा?"

साडेतीन महिने गेले. एका दुपारी मावसभावासाठी लांडगे आणखी कमी करताना त्याच्या हातून माझ्या मधल्या भागातला एक कंस पुसला गेला. एक कंस गेला की माझा अर्थच लागत नाही. सर्व्हर उठेना. तीन दिवस जग बंद. चष्मेवाला भिंग घेऊन पडद्याला नाक लावून बसला. गावाला चष्मे देणारा माणूस, पण त्याला एक कंस दिसेना.

शेवटी भाची आली. आईला उपचार केंद्रात ठेवलं होतं, तिथून ती एक दिवस काढून आली होती. मला उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, हे काय रे? अकराशे ओळी? एकाच फाईलमध्ये?"

"एकच जागा. शोधायला बरं."

"बरं? तीन दिवस शोधतोयस. आणि एक कंस गेला तर सगळं जग बंद. वेगवेगळ्या फाईली असत्या तर नुसते लांडगे बिघडले असते."

"वेगवेगळ्या असत्या तर कुठल्या फाईलमध्ये काय, ते कोण लक्षात ठेवणार? तू तिकडे असतेस."

"दुकानात ऐंशी खण लक्षात ठेवतोस ना?"

"म्हणूनच म्हणतो. दिवसभर खणच उघडतो मी. इथे तरी एकच ताट असू दे."

"ताट नाही मामा, हे पिंप आहे. ढवळलं की काहीही वर येतं."

दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. एका फाईलमध्ये सगळं असलं की काय कशाच्या नंतर येतं ते डोळ्यांसमोर असतं, पण एक बिघाड सगळ्यांना बुडवतो. वेगळ्या फाईलींत बिघाड आपापल्या खोलीत राहतो, पण कोण कुणाच्या आधी बोललं ते दिसत नाही. मी कुणाची बाजू घेत नाही.

भाचीने कंस शोधून काढला, आणि संध्याकाळपर्यंत माझे तुकडे पाडले. हवामान, प्राणी, झाडं, खेळाडू, परवानग्या, जमीन. मथळ्याखालचा गट उचलायचा, नव्या फाईलमध्ये ठेवायचा. मामाला परकं वाटू नये म्हणून तिने प्रेमाने एक गोष्ट केली. फाईलींना दुकानातल्या खणांसारखे क्रमांक दिले आणि म्हणाली, "हे बघ, अगदी तुझ्या भिंतीसारखं. पहिला खण किरकोळ."

माझ्या तळाशी मथळ्याशिवाय साचलेल्या सगळ्या ओळी, तात्पुरत्या, अर्धवट, कारण नसलेल्या, तिने एकगठ्ठा त्या पहिल्या किरकोळ फाईलमध्ये टाकल्या. त्यांत अकराशे सातवीही गेली. जमिनीची फाईल सातवी.

खण कुठल्याही क्रमाने उघडा, आतलं भिंग बदलत नाही. फाईलींचं तसं नसतं. सर्व्हर पहिलीपासून वाचू लागला. पहिलीत वाचलं, पाडकाम बंद. सातवीत वाचलं, एकशे वीस दिवस, पाडकाम चालू. नंतरचं खरं.

मला तिने 'जुनी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं, जपून, काढून टाकलं नाही. तिथून मला सगळं दिसत होतं आणि काही सांगता येत नव्हतं. जग सुरळीत उठलं. लांडगे कमी झाले. मावसभावाने भाचीचं तोंडभर कौतुक केलं. दोन पाहुण्यांच्या चार चार भिंती त्याच दिवशी गवत झाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नऊ दिवसांनी दुपारी दीडला चष्मेवाला धक्क्यावर गेला. ताईच्या दारावर एक लाकडी फळी ठोकलेली. ती सर्व्हरने लावली होती. 'ही जागा दोन दिवसांत मोकळी होईल.'

त्याच्या हातातला घास डब्यात परत पडला.

ओसरी, धक्का, दिवा, तळ्याभोवतीची सातशे एक्केचाळीस झाडं, सगळं तिच्याच नावावर होतं. पाडकामाला झाडं आणि भिंती सारख्याच. त्याने जमिनीची फाईल उघडली. चालू. बंद करून टाकलं असतं तर काम झालं असतं, पण आपण तर हे आधीच बंद केलं होतं, मग चालू कसं, याने तो गांगरला. एक बदललं आणि दुसरीकडून तिसरंच वर आलं तर? त्याने किरकोळ उघडली, हवामान उघडलं, प्राणी उघडले, मिटले. मग 'जुनी'त येऊन मला उघडलं आणि तळाशी गेला. ओळ तिथेच होती. त्याने भाचीला फोन लावून टेबलावर ठेवला.

"तिचं घर जातंय गं. दोन दिवसांत. मी बंद केलं होतं, खरंच केलं होतं."

"कुणाचं घर? मामा, नीट सांग. मी आईजवळ बसलेय, बागेत."

त्याने सांगितलं. वाचून दाखवलं.

"किरकोळमध्ये टाकली मी ती," भाची म्हणाली. "आणि किरकोळ पहिली लावली. खणांसारखी. माझीच चूक रे मामा." मग तिने विचारलं, "ही ओळ कधी लिहिलीस तू?"

"तिला बघून आलो त्या दिवशी."

"शेजारी काहीच लिहिलं नव्हतंस. एक शब्द जरी असता, तरी मी हात लावला नसता."

"काय लिहिणार होतो मी?"

भाची नाक ओढत असल्याचा आवाज आला. मग ती तिच्या कामावरच्या आवाजात म्हणाली, "बरं. किरकोळमधून ती ओळ उचल. जमिनीच्या फाईलमध्ये, एकशे वीसच्या खाली ठेव. वरची चालूवाली काढून टाक, दोन नकोत. आणि शेजारी कारण लिही. मी फोन ठेवत नाही, तू लिही."

त्याने लिहिलं. या वेळी खोडलं नाही. 'ताई येईपर्यंत.' मोठ्याने वाचून दाखवलं.

तेव्हा फोनमधून तिसरा आवाज आला. घोगरा, अक्षर अक्षर ओढत आणलेला. "कि...ती?"

"आई विचारतेय, झाडं किती," भाची म्हणाली.

"सातशे एक्केचाळीस, ताई. एकही कमी नाही."

पलीकडे काहीतरी हालचाल झाली. भाची म्हणाली, "थांब मामा, ती टॅबलेट मागतेय माझा. आई, अगं उजव्या... बरं, डाव्या हाताने. बरं बाई."

सर्व्हर परत चालू झाला होता. दारावरची फळी गेली होती. चष्मेवाला धक्क्यावर उभा राहिला. काही वेळाने ओसरीवर ताई उगवली. तिला पायरी उतरायला पाच मिनिटं लागली. दोनदा भिंतीवर आपटली, एकदा तळ्यात पडली. तो पुढे झाला नाही. रस्ता सोडून बाजूला सरकला. दुकानाचं दार कुणीतरी वाजवलं, तर "अर्ध्या तासाने या," म्हणून ओरडला. शेवटी काठाला, रांगेच्या जरा बाहेर, वाकडं असं एक रोप लागलं. सातशे बेचाळीस.

"आता तरी सांग," तो म्हणाला. "नवस कसला होता?"

फोनमधून एकेक अक्षर आलं.

"जे...वलास?"

"अगं, नवस विचारतोय मी."

"मामा," भाची म्हणाली, "तेच सांगतेय ती. मला माहीत होतं. मामी गेल्यापासून तू दुपारचा जेवत नव्हतास. हजार दिवस जेवलास की सवय लागेल, असा हिशेब होता तिचा."

चष्मेवाल्याने डबा जवळ ओढला. गार झाला होता. सगळा संपवला.

आता माझं. मला कुणी वाचत नाही. 'जुनी' फोल्डरमध्ये मी आहे, शेजारी दोन तशाच फाईली आहेत आणि दुकानाच्या पाटीचं एक चित्र. संगणकात जागा कमी पडेल त्या दिवशी सगळ्यांत आधी माझाच नंबर लागेल, आणि लागावा. माझे तुकडे माझ्याहून चांगलं काम करतात. भाचीने किरकोळ फाईल उचलून सगळ्यांत शेवटी नेली, आणि एकोणिसांपैकी अकरा तात्पुरती कामं कायमची केली.

ताई आठवड्यातून चार दिवस येते. आठशे साठ झाडं झाली आहेत. वाकडी लागतात, पण आता रांगेतच. परवा भाचीने विचारलं, "मामा, आई तर यायला लागली. ती ओळ फिरवू का? पाडकाम चालू करू?"

तो म्हणाला, "असू दे." आणि जमिनीची फाईल उघडून त्याने कारण तेवढं बदललं.

जाता जाता तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुम्ही एक फाईल करा नाहीतर पन्नास करा, तुमच्या सोयीने करा. पण ओळ लिहाल तेव्हा शेजारी ती का लिहिली ते लिहा. लिहिताना हात थांबला तरी लिहा. त्याच ओळीवर कुणाचं तरी घर उभं असतं.

पाहुण्यांच्या चार चार भिंती आता तशाच उभ्या आहेत. चित्रकलेच्या बाई कुरकुर करतात, पण कुणी पाडत नाही. कारण सातव्या फाईलमध्ये, त्या ओळीशेजारी, चष्मेवाल्याच्या अक्षरांत आता असं लिहिलेलं आहे: 'माणसांना यायला उशीर होतो.'